घाम, मीठ आणि जलसंजीवनी

उन्हाळ्याच्या सुटीत शाळा बंद असली तरी आमच्या शाळेचे मैदान काही बंद नसते. पहाटे साडेचारपासून तेथे पावले वाजू लागतात. आसपासच्या चार-पाच गावांतील वीस-पंचवीस तरुण, आणि अलीकडे सहा-सात मुलीही, पोलीस भरतीच्या तयारीसाठी धावावयास येतात. आदिलाबाद जिल्ह्याच्या या टोकाला, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, कापूस हेच मुख्य पीक आणि कापसाचा भरवसा किती धरावा हे सर्वांना ठाऊक; तेव्हा मुलांना खाकी वर्दीची ओढ वाटावी यात नवल नाही. यांतील बहुतेक आमचेच विद्यार्थी. एके काळी आम्ही त्यांना वृत्ते आणि अलंकार शिकविले. आता कट्ट्यावर बसून हातातल्या घड्याळावर त्यांच्या फेऱ्या मोजतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत या मैदानाच्या कडेला एक नवीनच ओळ दिसू लागली आहे. ती रंगीत पाण्याच्या बाटल्यांची. निळे, नारिंगी, पोपटी असे ते पाणी. पूर्वी धावून आलेला मुलगा हापशावर जाई, ओंजळीने पाणी पिई आणि तोंडावर सपकारे मारी. आता तो बाटलीचे बूच फिरवितो. कोणी डब्यातली पूड आणतो, कोणी पाण्यात विरघळणारी, फसफसणारी गोळी. ज्या मुलांच्या तोंडून 'निर्जलीकरण' हा शब्द आम्हाला कधी शुद्ध वदवून घेता आला नाही, तीच मुले आता 'इलेक्ट्रोलाइट' आणि 'हायड्रेशन' हे शब्द अस्खलित उच्चारतात. जाहिरातदारांचे अध्यापनकौशल्य आमच्याहून सरस आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

२०२५ च्या मे महिन्यात यांतलाच एक मुलगा मैदानावर कोसळला. पहाटेचा सराव त्याला पुरेसा वाटला नाही म्हणून तो साडेआठ वाजता पुन्हा एकटाच धावावयास आला होता. आदिलाबादचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना साडेआठचे ऊन म्हणजे काय ते सांगावयास नको. धावण्यापूर्वी त्याने जलसंजीवनीची, म्हणजे ज्याला सर्वत्र ओ.आर.एस. म्हणतात त्याची, एक पुडी पेलाभर पाण्यात कालवून घेतली होती. अर्ध्या तासात पोटात कळा, उलट्या आणि पायांत गोळे. शिपायाने हाक मारली तेव्हा तो कडुलिंबाखाली आडवा पडलेला होता. आम्ही ओल्या टॉवेलने त्याचे अंग पुशीत त्याला रिक्षात घातले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले.

तेथील डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावले, पंखा त्याच्याकडे वळविला आणि मग शांतपणे त्याच्या खिशातील रिकामी पुडी मागून घेतली. ती त्यांनी आमच्याच हातात दिली व म्हणाल्या, "सर, तुम्ही वाचा." पुडीवर स्पष्ट छापले होते: एक लिटर पाण्यात विरघळवावी. पुढे उलगडा झाला तो असा. बाजारात जलसंजीवनीच्या दोन आकारांच्या पुड्या मिळतात. सुमारे २१ ग्रॅमची मोठी पुडी लिटरभर पाण्यासाठी आणि चार-साडेचार ग्रॅमची लहान पुडी एका पेल्यासाठी. मुलाने आधी लहान पुडी आणली होती, ती पेल्यात घातली होती. पुढे मोठी मिळाली, तीही पेल्यातच घातली. मिश्रण पाचपट घट्ट झाले. असले घट्ट मिश्रण आतड्यात गेले की ते शरीराला पाणी देत नाही, शरीरातलेच पाणी आतड्याकडे ओढून घेते. वर उलट्यांनी गेले ते वेगळे.

व्हरांड्यात त्याची आई पदराचे टोक चावीत उभी होती. मजुरीवर कापूस वेचणारी बाई. तिने आम्हाला एकच प्रश्न विचारला : "गुरुजी, हे पोराले रोज लागतेच काय?" घरात महिन्याला पाच-सहाशे रुपये या पुड्या-बाटल्यांवर जात होते. त्या क्षणी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आम्ही मराठीचे पदवीधर, वैद्यकाचे नव्हे. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून नंतर डॉक्टरीणबाईंकडे चार खेपा घातल्या, मिळेल ते वाचले. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम घामाविषयी. घाम म्हणजे केवळ पाणी नव्हे; त्यात मीठ असते, हे ज्याने दुपारी नांगर धरला आहे त्याच्या सदऱ्यावरचे पांढरे पट्टेच सांगतात. जोराचा व्यायाम करणाऱ्याच्या अंगातून ताशी अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, आणि प्रत्येक लिटरबरोबर साधारण अर्ध्या ते पावणेदोन ग्रॅमपर्यंत सोडियम जातो. कोणाचा घाम खारट, कोणाचा अळणी. हा फरक जन्माचा आहे, आणि सरावाचाही. उन्हाची सवय झालेल्या शरीराचा घाम लवकर सुटतो, पण त्यातून मीठ कमी जाते.

१९६५ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात फुटबॉलच्या एका साहाय्यक प्रशिक्षकाने रॉबर्ट केड या मूत्रपिंडतज्ज्ञाला विचारले की, आमचे खेळाडू सामन्यात वजनाने इतके उतरतात, पण त्यांना लघवीला म्हणून जावे लागत नाही, हे कसे? केड व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंचा घाम तपासला आणि पाणी, मीठ व साखर यांचे एक पेय बनविले. ते चवीला इतके वाईट होते की कोणाच्या घशाखाली उतरेना. केड यांच्या पत्नीने त्यात लिंबाचा रस पिळण्यास सुचविले आणि प्रश्न सुटला. विद्यापीठाच्या संघाचे नाव 'गेटर्स', म्हणून पेयाचे नाव 'गेटरेड'. आज मैदानाच्या कडेला रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या रंगीत बाटल्यांचे हे मूळपुरुष. आमच्या आज्या उन्हातून आलेल्याला मीठ-साखर-लिंबाचे सरबत देत, त्याला मात्र कोणी पेटंट घेतले नाही!

दुसरी कथा आपल्या देशातली आणि कितीतरी मोठी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ उसळली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. रुग्णालयाच्या जमिनीवर माणसे पडलेली, आणि शिरेतून द्यावयाच्या सलाईनचा साठा संपत आलेला. महालनबीस यांनी तोंडाने द्यावयाच्या मिश्रणाचा आधार घेतला : लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या बांधल्या जात, छावणीत पिंपात विरघळविल्या जात, आणि रुग्णाची आई, बहीण, भाऊ यांच्या हाती पेले दिले जात. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये निवर्तले. पद्मविभूषण त्यांना मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. याच मिश्रणाच्या सुधारलेल्या रूपाला महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने रुळविलेले 'जलसंजीवनी' हे नाव आम्हाला फार आवडते. इतका अर्थवाही पारिभाषिक शब्द मराठीत क्वचितच घडला असेल.

यातील मर्म असे की आतड्याच्या भिंतीत साखर आणि मीठ ही जोडीने आत शिरतात व त्यांच्यामागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ही जोडी ओळखली. साखर तेथे चवीसाठी नसून वाट उघडण्यासाठी असते. म्हणूनच प्रमाणाला महत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. साखर याहून फार वाढली की हगवणीत ती उलट पाणी बाहेर ओढते.

हे आम्हाला आधी ठाऊक असते तर फार बरे झाले असते. येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितल्याखेरीज पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीअखेरीस आमच्या शाळेत क्रीडास्पर्धा झाल्या. ऊन तापू लागले होते, म्हणून आम्ही वर्गणीतून फळांच्या चवीच्या पेयाची चार खोकी मागविली. डब्यावर ओ.आर.एस. ही तीन अक्षरे ठळक होती. त्यांच्याशेजारी आणखी एखादे अक्षर होते आणि मागल्या बाजूस मुंगीच्या पावलाएवढ्या टाइपात काही मजकूर होता, तो आम्ही वाचला नाही. ध्वनिक्षेपकावरून मात्र आम्ही सांगितले, "मुलांनो, ही जलसंजीवनी आहे, सर्वांनी घ्या." त्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलीला जुलाब सुरू झाले. तिच्या आईने दुकानातून तेच डबे आणून दिवसभर पाजले, कारण मुख्याध्यापकांनी सांगितले होते की हीच जलसंजीवनी. जुलाब वाढले. दुसऱ्या दिवशी मुलीला आदिलाबादला नेऊन दोन दिवस सलाईनवर ठेवावे लागले. मुलगी बरी झाली. तिच्या आईने आम्हाला कधी बोल लावला नाही, आणि तेच अधिक लागले. आयुष्यभर मुलांना 'शब्द नीट वाचा' म्हणून सांगणाऱ्या माणसाने तीन अक्षरे वाचली आणि चौथे सोडले.

अशा डब्यांविरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी कित्येक वर्षे एकाकी झुंज दिली. साखरेची पेये ओ.आर.एस. या नावाच्या आडोशाने विकली जातात आणि आजारी बालकांना पाजली जातात, हे त्या सांगत राहिल्या. २०२२ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, 'हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नाही' अशी सूचना छापण्याच्या अटीवर, ही अक्षरे पुढे-मागे शब्द जोडून वापरण्याची मुभा दिली होती. मुंगीच्या पावलाचा मजकूर तो हाच. १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने प्राधिकरणाने ती मुभा काढून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. आमच्या तेलंगणातील एका डॉक्टरांच्या चिकाटीने हे घडले, याचा आम्हा सीमेवरच्या मराठी माणसांनाही अभिमान वाटतो.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. धावणाऱ्या मुलाला हे रोज लागते काय?

तेलंगणाच्या २०२२ च्या पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर अंतर सव्वासात मिनिटांत आणि मुलींना ८०० मीटर पाच मिनिटे वीस सेकंदांत पार करावयाचे होते. सव्वासात मिनिटांच्या धावेत जाणारा घाम भरून काढण्यासाठी कोणतीही पूड, गोळी वा रंगीत बाटली लागत नाही. पहाटेचा संपूर्ण सराव धरला तरी तो पन्नास मिनिटांचा. खेळवैद्यकाचे जाणकार सांगतात की मीठ-साखरेच्या पेयाचा खरा उपयोग तासाहून अधिक चालणाऱ्या जोरकस व्यायामात दिसतो. त्याच्या आत साधे पाणी आणि नंतर घरचे जेवण पुरते. नेहमीच्या क्रीडापेयाच्या अर्ध्या लिटर बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सात चमच्यांहून अधिक. मॅरेथॉन धावणाऱ्याला ती इंधन म्हणून उपयोगी पडते. सव्वासात मिनिटे धावून दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्याला तिचे काय करावयाचे?

जलसंजीवनी रोज पिणेही बरे नव्हे. लिटरभर जलसंजीवनीत सुमारे १.७ ग्रॅम सोडियम असतो, आणि प्रौढ माणसाने दिवसभरात दोन ग्रॅमहून कमी घ्यावा असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. जुलाबात ते अमृत. निरोगी माणसाला, विशेषतः रक्तदाबाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्या आमच्यासारख्या पन्नाशीपलीकडच्या मंडळींना, सकाळच्या फेरफटक्यानंतर ते घेण्याचे कारण नाही. मधुमेह्यांनी तर रंगीत बाटलीकडेही डॉक्टरांना विचारल्याखेरीज वळू नये.

येथे कोणी म्हणेल, मग भरपूर पाणी प्यावे. त्यालाही मर्यादा आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा त्यांतील १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणाबाहेर घटलेला आढळला, आणि ज्यांचे वजन धावताना कमी होण्याऐवजी वाढले होते त्यांच्यात हा दोष विशेष होता. तहानेपलीकडे पाणी पीत राहिले की रक्त पातळ होते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. तेव्हा किती प्यावे? डॉक्टरीणबाईंनी एक सोपी रीत सांगितली. धावण्यापूर्वी आणि नंतर, अंग पुसून, वजन करावे. जितके किलो घटले तितके लिटर पाणी गेले. शाळेचा आरोग्य तपासणीचा वजनकाटा आम्ही मैदानावर आणून ठेवला. पन्नास मिनिटांत कोणाचे अर्धा किलो उतरले, कोणाचे पाऊण. किलोच्या पुढे गेला तो एकच. तो तेल काढायच्या घाण्यावर रात्रपाळी करून थेट धावावयास येत होता. त्याला आम्ही आधी झोपण्यास सांगितले.

एवढ्यासाठी आपल्या घरात काय कमी आहे? ताक आहे, त्यात पाणी आहे, पोटॅशियम आहे, मीठ आपण घालतोच. लिटरभर पातळ ताकाला पाव चमचा मीठ घातले तर सोडियमच्या बाबतीत ते बाजारातल्या क्रीडापेयाच्या जवळपास जाते. ज्वारीची आंबील आहे. आमचे तेलुगू शेजारी तिला अंबली म्हणतात आणि ताकाला मज्जिगा. उन्हाळ्यात दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर एकच गाडगे असते. आमचे वडील शेतावर जाताना तांब्याभर आंबील नि एक कांदा नेत आणि सूर्य डोक्यावर येण्याआधी ती संपवीत. आणीबाणीला पुडी न मिळाल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. 'सपाट' या शब्दावर आमचा जोर आहे. आमच्या बायका चमचा शिगोशीग भरतात आणि ते प्रेमाचे लक्षण मानतात. तरीही खरी पुडी सरकारी उपकेंद्रात विनामूल्य मिळते, ती घरात असू द्यावी.

एक गोष्ट मात्र कोणतेही पेय करू शकत नाही. ते उष्माघात टाळू शकत नाही. पोटात कितीही मीठ-पाणी असले तरी भर उन्हात जोराने धावणाऱ्याच्या अंगात उष्णता साचते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत मुलांना तासाभरात दहा किलोमीटर धावावयाचे होते. त्या भरतीत दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि सरकारला चाचण्या काही दिवस थांबवाव्या लागल्या. तरुण धावता धावता भ्रमिष्टासारखे बोलू लागला, पाय लटपटू लागले, तर त्याच्या तोंडाशी बाटली न लावता त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. बेशुद्धाच्या घशात काहीही ओतू नये.

मैदानाच्या फाटकावर आम्ही आता पाटी लावली आहे : मार्च ते जून सकाळी सातनंतर धावण्यास मनाई. कडुलिंबाखाली एक माठ आणि ताकाचा एक डेरा असतो. ताकाची पाळी घरोघरी वाटून दिली आहे. मिठाचा चमचा कोणाच्या हाती असावा यावर थोडा वाद झाला, तेव्हा मुलांनी एकमताने त्या मेमधल्या मुलालाच नेमले. चमचा तो बोटाने सपाट करतो आणि मगच डेऱ्यात सोडतो. त्याची आई रविवारी आंबील पाठविते. परवा त्याने सोळाशे मीटर सहा मिनिटे पन्नास सेकंदांत संपविले. आम्ही कट्ट्यावरून वेळ ओरडून सांगितली. तो हात वर करून थेट हापशाकडे गेला.